आखूड नाक लांब करण्यासाठी शस्त्रक्रिया: पर्याय कसा निवडावा

मराठीत नाकाचे वर्णन करणाऱ्या शब्दांना तोटा नाही. चाफेकळीसारखे, सरळ, धारदार, बसके, चपटे, फेंदारलेले अशी विशेषणे आपण सहज वापरतो. मात्र ‘नकटे’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या ठेवणींना लावतो. ज्या नाकाचा दांडा खोलगट आहे ते बसके नाकही नकटेच, आणि ज्याचा दांडा पुरेसा उंच आहे पण शेंडा वर उचललेला असल्यामुळे समोरून पाहताना नाकपुड्यांची भोके दिसतात ते आखूड नाकही नकटेच. बोलण्यात हा घोळ चालून जातो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर चालत नाही, कारण पहिल्या नाकाला उंची हवी असते आणि दुसऱ्याला लांबी. उंची देणे हे लांबी देण्यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे, आणि लांब नाक आखूड करणे हे तर त्याहूनही सोपे. आखूड नाक लांब करणे ही र्‍हायनोप्लास्टीतील (नाकाचा आकार बदलण्याच्या शस्त्रक्रियांतील) अवघड शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते, आणि ती का अवघड आहे हे समजल्याशिवाय पुढील कोणताही पर्याय नीट पारखता येणार नाही.

नाक तीन थरांचे असते. बाहेर त्वचा, मध्ये हाड आणि कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती) यांचा सांगाडा, आणि आत ओलसर श्लेष्मल त्वचेचे अस्तर. ब्लाउज शिवणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल की बाहीचे वरचे कापड कितीही लांब ठेवले तरी आतले अस्तर आखूड पडले, तर बाही शेवटी वर ओढली जाते. नाकाचेही तसेच आहे. सांगाड्यात कूर्चेचा तुकडा घालून शेंडा खाली ढकलणे शक्य असते, पण त्वचा आणि अस्तर हे दोन्ही थर त्याच्याबरोबर खाली यायला तयार नसतील, तर तो तुकडा वाकतो, त्वचेवर ताण येऊन ती पांढरी पडते, किंवा काही महिन्यांत नाक पुन्हा मूळ जागी सरकते. म्हणून ‘किती लांबी वाढेल’ या प्रश्नाचे उत्तर कूर्चा किती मिळते यापेक्षा त्वचा आणि अस्तर किती ताणले जाते यावर अधिक अवलंबून असते. वाढणारी लांबी सहसा काही मिलीमीटरच असते. चेहऱ्याच्या मध्यभागी मात्र तेवढ्यानेही मोठा फरक दिसतो.

नाक खरोखर आखूड आहे का, हे आधी पाहावे

हा निर्णय मोबाइलमधील सेल्फीवरून घेऊ नये. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर अंतरावर असतो, आणि इतक्या जवळून चेहऱ्याचा सर्वांत पुढे आलेला भाग अवास्तव मोठा दिसतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या गणितानुसार १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात पुरुषाचे नाक ५ फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी रुंद भासते, आणि रुंद भासणारे नाक नजरेला आखूडही वाटते. त्यामुळे दुसऱ्या व्यक्तीला दीड मीटर अंतरावर उभे करून, कॅमेरा नाकाच्या उंचीवर धरून, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही तिरप्या कोनांतून छायाचित्रे काढून घ्यावीत. कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याखालच्या हाडाची कड यांना जोडणारी रेषा जमिनीला समांतर राहील अशी मान ठेवावी, कारण हनुवटी थोडी वर गेली तरी कोणाच्याही नाकपुड्या दिसू लागतात. एक छायाचित्र हसतानाचेही असावे. हसताना शेंडा किती हलतो हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला पाहायचे असते.

बाजूने काढलेल्या छायाचित्रात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे नाकाचा उगम. भुवयांच्या खाली, जिथे कपाळ संपून नाक सुरू होते ते नाकाचे मूळ साधारणतः वरच्या पापणीच्या केसांची रेषा आणि पापणीवरची घडी यांच्या दरम्यान असते. ते त्याहून खाली, बुबुळाच्या पातळीपर्यंत उतरलेले असेल, तर शेंडा योग्य जागी असूनही नाक आखूड दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे नाकाचा खालचा भाग आणि वरचा ओठ यांच्यातील कोन. पुरुषांत तो साधारण ९० ते ९५ अंश आणि स्त्रियांत ९५ ते ११० अंश असावा असे पाठ्यपुस्तके सांगतात. तो याहून बराच मोठा असेल तर शेंडा वर फिरलेला आहे असे समजतात. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष लांबी. एच. स्टीव्ह बर्ड या अमेरिकी प्लास्टिक सर्जनांनी मांडलेले प्रमाण त्यासाठी वापरले जाते: दोन्ही ओठ मिटतात त्या रेषेपासून हनुवटीच्या तळापर्यंतचे अंतर आणि नाकाच्या मुळापासून शेंड्यापर्यंतचे अंतर साधारण सारखे असावे, आणि शेंडा चेहऱ्यापासून जेवढा पुढे येतो ते अंतर नाकाच्या लांबीच्या दोन तृतीयांश असावे. म्हणजे पहिले अंतर ४५ मिलीमीटर असेल तर नाकाची लांबीही ४५ आणि शेंड्याचा पुढावा ३० मिलीमीटर. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य चेहऱ्यांवरून आलेले आहेत, हे विसरू नये. दिशा कळण्यापुरते ते उपयोगी आहेत. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या चेहऱ्याला ते जसेच्या तसे लावण्याचा आग्रह धरणारा सर्जन मला तरी विश्वासार्ह वाटणार नाही.

काही नाके आखूड नसतातच, नुसती तशी भासतात. नाकपुडीची बाहेरची कड वर ओढली गेली असेल किंवा दोन नाकपुड्यांमधला मांसल खांब खाली लोंबत असेल, तर भोके आणि खांब जास्त दिसतात आणि नाक वर उचलल्यासारखे वाटते. अशा वेळी कडेला कूर्चेची बारीक पट्टी बसवणे किंवा खांबाचा थोडा भाग कमी करणे पुरते, लांबी वाढवण्याची गरजच नसते. बाजूने पाहताना खांब नाकपुडीच्या कडेखाली २ ते ४ मिलीमीटर दिसणे स्वाभाविक आहे. वरचा जबडा मागे असल्यामुळे नाकाचा पायाच खचलेला असेल, तर दोष नाकाच्या शेंड्यात नसून पायात असतो. जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर ती नाकाच्या आधी करावी, कारण वरचा जबडा पुढे सरकला की नाकाचा शेंडा वर फिरतो आणि नाकपुड्या रुंदावतात. आधी केलेले नाकाचे काम त्यामुळे बिघडू शकते.

नाक आखूड का झाले, यावर बरेच ठरते

जन्मतःच आखूड असलेल्या नाकाची त्वचा आणि अस्तर मऊ व ताणले जाणारे असते, त्यामुळे त्याचे काम तुलनेने सुरळीत होते. लहानपणी नाकावर मार बसून दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साठले आणि ते वेळीच काढले गेले नाही, तर पडद्याची कूर्चा विरघळते आणि नाक मध्येच खचून शेंडा वर वळतो. वेगेनर या जुन्या नावाने ओळखला जाणारा रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार, कुष्ठरोग, उपदंश, तसेच कोकेनचे व्यसन यांमुळेही पडदा नष्ट होऊ शकतो. अशा नाकावर आजार पूर्ण आटोक्यात येऊन तो शांत राहिल्याशिवाय कोणतीही सौंदर्यशस्त्रक्रिया करू नये. सर्वांत अवघड नाके मात्र आधीच्या शस्त्रक्रियेने झालेली असतात. पहिल्या र्‍हायनोप्लास्टीत पडदा किंवा शेंड्याच्या कूर्चा गरजेपेक्षा जास्त कापल्या गेल्या, किंवा नाकात बसवलेल्या सिलिकॉनला जंतुसंसर्ग होऊन आत व्रणाची कठीण ऊती तयार झाली, की नाक आकसत जाते. पूर्व आशियात सिलिकॉनचा वापर मोठ्या प्रमाणावर होत असल्यामुळे कोरियातील शल्यविशारदांना अशा आकसलेल्या नाकांचा अनुभव विशेष आहे.

घरीच एक ढोबळ चाचणी करता येते. अंगठा आणि तर्जनी यांनी शेंडा हलके धरून खाली ओढावा. तो सहज काही मिलीमीटर खाली आला तर त्वचा आणि अस्तर साथ देण्याची शक्यता चांगली आहे. शेंडा दगडासारखा जागचा हलत नसेल, तर पुढील बहुतेक साधे पर्याय बाद झाले असे समजावे. आधी शस्त्रक्रिया झालेली असेल तर किमान १२ महिने जाऊ द्यावेत, कारण तोवर व्रण मऊ पडत नाहीत. आकसलेल्या नाकाच्या रुग्णांना काही शल्यविशारद शस्त्रक्रियेपूर्वी काही महिने रोज शेंडा खाली ओढण्याचा व्यायाम सांगतात. त्याने नाक लांब होत नाही, फक्त त्वचा सैल पडायला मदत होते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नाकाच्या चिमट्यांनी किंवा तेलाच्या मालिशीने तर काहीच होत नाही.

शस्त्रक्रियेविना काय होऊ शकते

हायलुरॉनिक आम्लाचे फिलर, म्हणजे जागा भरून काढणारे इंजेक्शन, नाकाच्या मुळाशी टोचले की उगम वर गेल्याचा आभास होतो आणि नाक लांब वाटते. शेंड्याखाली थोडे टोचले तर शेंडा किंचित खाली वळल्यासारखा दिसतो. परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. ज्यांचे मूळ खोल आहे, शेंडा ठीक आहे आणि शस्त्रक्रियेपूर्वी फरक कसा दिसेल हे पाहायचे आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. पण ‘जेवणाच्या सुट्टीत होणारे काम’ अशी त्याची जी जाहिरात होते ती बेजबाबदार आहे. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, आणि फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरले तर त्वचा काळी पडून झडू शकते, क्वचित कायमचे अंधत्वही येऊ शकते. टोचताना किंवा टोचल्यावर तीव्र वेदना, त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडणे, दिसण्यात फरक जाणवणे यांपैकी काहीही झाले तर एक मिनिटही न दवडता उपचार सुरू व्हावे लागतात. म्हणून फिलर विरघळवणारे हायलुरॉनिडेज जिथे हाताशी तयार नाही तिथे नाकात फिलर घेऊ नये, आणि ब्यूटी पार्लरमध्ये तर मुळीच घेऊ नये. ज्यांच्या नाकावर आधी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्या रक्तवाहिन्यांची रचना बदललेली असते, त्यामुळे त्यांना हा धोका अधिक असतो.

विरघळणारे धागे आत सरकवून शेंडा खाली आणण्याचा प्रकारही अलीकडे दिसतो. परिणाम तात्पुरता असतो, आणि धाग्याचे टोक त्वचेतून बाहेर येण्याच्या तक्रारी आढळतात. खऱ्या आखूड नाकासाठी मी तो पर्याय धरणार नाही.

लहान शस्त्रक्रिया

दोष फक्त मुळाच्या खोलगटपणाचा असेल तर तेवढीच जागा भरून काढणे हा सर्वांत सुटसुटीत उपाय आहे. बारीक चिरलेली कूर्चा, कानशिलावरच्या स्नायूचे पातळ आवरण काढून त्यात गुंडाळून, मुळाशी बसवली जाते. कूर्चा चिरून गुंडाळण्याची कल्पना तुर्की सर्जन ओनुर एरोल यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली आणि तिला तुर्कस्तानातील मिठाईवरून ‘टर्किश डिलाइट’ असे नाव दिले. त्यांनी गुंडाळण्यासाठी रक्तस्राव थांबवणारे विरघळणारे कापड वापरले होते, पुढे त्याजागी शरीरातीलच आवरण वापरण्याची पद्धत रुळली. या शस्त्रक्रियेने नाक वरच्या बाजूने लांब दिसते, मात्र नाकपुड्यांची भोके जेवढी दिसत होती तेवढीच दिसत राहतात.

शेंडा थोडासाच वर असेल तर त्याच्या पुढच्या आणि खालच्या बाजूला ढालीच्या आकाराचा कूर्चेचा तुकडा शिवून शेंड्याचे टोक खाली आणता येते. त्वचा जाड असेल तर हा तुकडा झाकला जातो. पातळ त्वचेत मात्र काही वर्षांनी त्याच्या कडा उठून दिसू शकतात, आणि हा धोका रुग्णाला आधी सांगितला गेला पाहिजे.

मुख्य शस्त्रक्रिया

नाक खऱ्या अर्थाने लांब करायचे असेल तर शेंडा जिथे टांगलेला आहे तो आधारच पुढे आणि खाली न्यावा लागतो. त्यासाठी पडद्याच्या पुढच्या कडेला कूर्चेची पट्टी जोडून पडदा लांबवला जातो. बर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वर्णिलेली ही पद्धत आज आखूड नाकाच्या शस्त्रक्रियेचा कणा आहे. ती कशी होते याची रुग्णाला कल्पना असावी, म्हणजे सल्लामसलतीच्या वेळी प्रश्न नेमके विचारता येतात.

पूर्ण भूल दिल्यावर दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर लहानसा तुटक छेद घेऊन नाकाची त्वचा वर उचलली जाते. शेंड्याच्या दोन कूर्चा वरच्या कूर्चांना जिथे चिकटलेल्या असतात ते बंध सोडवले जातात. बाजूला हाडाच्या कडेशी असलेले बंधही गरजेनुसार सोडवले जातात. ही पायरी दिसायला किरकोळ, पण खरी लांबी इथेच मिळते, कारण बंध सुटले की अस्तर खाली येण्यास मोकळे होते. मग पडद्याच्या कडेला कूर्चेची पट्टी एका बाजूला चिकटवून किंवा टोकाला टोक जुळवून शिवली जाते. टोकाला टोक जोडलेल्या पट्टीला दोन्ही बाजूंनी, नाकाच्या दांड्यालगत, लांब आधारपट्ट्या लावतात. शेवटी शेंड्याच्या दोन्ही कूर्चा या नव्या टोकावर, ठरवलेल्या जागी शिवल्या जातात. पट्टी मध्यरेषेपासून जराशी जरी सरकली तरी शेंडा वाकडा दिसतो, म्हणून हे काम करताना सर्जन वारंवार त्वचा खाली घेऊन समोरून पाहत असतो. साध्या नाकाला दोन ते चार तास लागतात. बरगडीची कूर्चा घ्यायची असेल तर अधिक.

या शस्त्रक्रियेची एक किंमत बहुतेक माहितीपत्रकांत छोट्या अक्षरांतही नसते: शेंडा ताठ होतो. नैसर्गिक शेंडा बोटाने दाबला की मागे जातो आणि हसताना हलतो. पडदा लांबवल्यावर तो तसा राहत नाही. काहींना चुंबन घेताना, नाक पुसताना किंवा पोटावर झोपताना ते जाणवत राहते. नाक दिसायला आवडूनही हा ताठपणा न आवडणारे रुग्ण असतात, म्हणून निर्णयापूर्वी याचा विचार करावा.

कूर्चा कुठून घ्यावी

पहिली पसंती नाकाच्याच पडद्याला. ती सरळ असते, त्याच जागेतून मिळते आणि वेगळा व्रण राहत नाही. मात्र पडद्याचा वरचा आणि पुढचा भाग मिळून होणारी काटकोनी चौकट किमान १ सेंटीमीटर रुंद राखावीच लागते, अन्यथा नाक खचते. आणि आखूड नाकाचा पडदा मुळातच लहान असल्यामुळे उरलेला तुकडा बरेचदा पुरत नाही. कानाच्या खोलगट भागातील कूर्चा सहज मिळते आणि कानाचा आकार बदलत नाही, पण ती वक्र आणि मऊ असते, त्यामुळे शेंड्यावर पांघरण्यासाठी चांगली, आधाराचा खांब म्हणून कमकुवत.

ताकद आणि लांबी दोन्ही हवी असेल, विशेषतः दुसऱ्यांदा होणाऱ्या शस्त्रक्रियेत, तर सहाव्या किंवा सातव्या बरगडीची कूर्चा घेतात. स्त्रियांत छेद स्तनाखालच्या घडीत लपवता येतो. छातीत काही दिवस, कधी काही आठवडे, दुखते. फुप्फुसाचे आवरण फाटून आत हवा शिरण्याचा धोका कमी असला तरी असतो, म्हणून हे काम भूलतज्ज्ञ आणि एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावे. बरगडीच्या कूर्चेचा जुना दोष म्हणजे ती वाकते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये दाखवले की कूर्चेच्या आडव्या छेदाचा मधला, सर्व बाजूंनी समतोल ताण असलेला भाग वापरला तर वाकण्याचे प्रमाण कमी होते. तुकडा कापल्यावर काही वेळ मिठाच्या पाण्यात ठेवून तो कोणत्या बाजूला वळतो हे पाहून मगच बसवण्याची पद्धतही त्याच विचारातून आली. वय वाढते तशी बरगडीची कूर्चा हाडासारखी कठीण होत जाते. चाळिशीनंतर काही सर्जन आधी सीटी स्कॅन करून पाहतात. स्वतःची बरगडी नको असेल तर दात्याकडून घेऊन किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेली कूर्चाही वापरली जाते; ती काळानुसार विरघळण्याची शक्यता स्वतःच्या कूर्चेपेक्षा अधिक धरली जाते.

सिलिकॉन, गोरटेक्स किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीन या कृत्रिम पदार्थांचे तयार तुकडे वापरले की शरीरात दुसरीकडे छेद घ्यावा लागत नाही आणि वेळ वाचतो. दांड्याची उंची वाढवण्यासाठी ते वापरण्यावर मतभेद असू शकतात. शेंड्याला ताणून लांबी देण्यासाठी मात्र ते टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ताणलेल्या त्वचेखाली परकी वस्तू ठेवली की ती वर्षांनंतरही त्वचा पातळ करून बाहेर येऊ शकते, आणि संसर्ग झाला तर नाक पूर्वीपेक्षा आखूड होऊन बसते.

अस्तरच कमी असेल तर

आकसलेल्या नाकात बंध सोडवूनही अस्तर खाली येत नसेल, तर कानाच्या वरच्या खोलगट भागातून त्वचेसकट कूर्चेचा तुकडा घेऊन तो नाकाच्या आत, अस्तराच्या कमी पडणाऱ्या जागी शिवतात. त्वचा अस्तराचे काम करते आणि कूर्चा ते पुन्हा आकसू देत नाही. असा तुकडा जगण्यासाठी लहान असावा लागतो, कारण सुरुवातीला त्याला रक्तपुरवठा फक्त कडांमधून मिळतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो मरण्याची शक्यता वाढते.

बाहेरची त्वचाच नष्ट झाली असेल, म्हणजे अपघात, कर्करोग किंवा जखमेमुळे नाकाचा भाग गेलेला असेल, तर कपाळाची त्वचा खाली वळवून नाक घडवले जाते. या पद्धतीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. इंग्रज सैन्यासाठी बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाला टिपूच्या सैन्याने पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला होता. पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाची त्वचा वापरून त्याला नवे नाक करून दिले, आणि त्याचा सचित्र वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. तो वाचून प्रेरित झालेल्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आज ही शस्त्रक्रिया दोन किंवा तीन टप्प्यांत होते. ती सौंदर्यासाठी नव्हे, पुनर्रचनेसाठी असते.

सर्जन, खर्च आणि स्वतःचा निर्णय

भारतात ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी पदवी असलेले सर्जन करतात, तसेच नाकाच्या कामाचे विशेष प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा तज्ज्ञही करतात. पदवी आणि वैद्यकीय परिषदेतील नोंदणी, महाराष्ट्रात असाल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची, तपासून पाहावी. पण पदवीपेक्षा नेमका अनुभव विचारावा. आखूड नाके लांब करण्याची कामे आपण किती केली आहेत, त्यातली किती पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती, कूर्चा कुठून घेणार आहात, शेंडा किती ताठ राहील, परिणाम मनासारखा नसेल तर पुन्हा शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. छायाचित्रे दाखवली तर ती शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षभराने काढलेली आहेत का हे पाहावे. महिन्याभराने काढलेल्या छायाचित्रात सुजेमुळे प्रत्येक शेंडा भरीव दिसतो. संगणकावर दाखवलेले नवे नाक हा करार नसतो, तो संवादाचा नकाशा असतो.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, खोली आणि औषधे यांची रक्कम वेगळी मांडलेली असावी. केवळ रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो. जन्मजात दोष, वाढीतील विकृती किंवा इजा दुरुस्त करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्यातून वगळलेली आहे. आरोग्यविम्यातही केवळ रूपासाठीचा खर्च मिळत नाही, मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना अपवाद असतो. पडदा वाकडा असून श्वासाला अडथळा असेल तर त्याची नोंद कागदपत्रांत स्पष्ट असावी.

मुलींची सोळा आणि मुलांची अठरा वर्षे होण्याआधी, म्हणजे चेहऱ्याची वाढ थांबण्याआधी, हे काम घाईने करू नये. लग्न ठरण्यापूर्वी घरच्यांच्या आग्रहाखातर येणाऱ्या मुलामुलींना मी थांबायलाच सांगेन. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने ही म्हण ज्या घरात थट्टेने म्हटली जाते, तिथे निर्णय नेमका कोणाचा आहे हे आधी स्पष्ट व्हायला हवे. दिवसातले कित्येक तास आरशासमोर नाकाच्या चिंतेत जात असतील, किंवा इतरांना न दिसणारा दोष सतत बोचत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, कारण अशा अवस्थेत केलेल्या शस्त्रक्रियेने समाधान होत नाही.

तयारी आणि नंतरची काळजी

शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद ठेवावी. निकोटीन कोणत्याही रूपात रक्तवाहिन्या आकुंचित करते. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढतो, म्हणून त्या साधारण दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात. पण हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये, त्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेह आटोक्यात असावा, आणि सर्दी-सायनसचा संसर्ग असेल तर तारीख पुढे ढकलावी.

नाकावर स्प्लिंट (आधाराचे कडक आवरण) सुमारे सात दिवस असते, आणि खांबावरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात. डोळ्यांभोवतीचे निळेपण दहा-पंधरा दिवसांत ओसरते. झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवावे, दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवू नये. तोवर कपाळाला पट्टी लावून तो टांगता येतो. चेंडूचे खेळ आणि कुस्ती-कबड्डीसारखे अंगाला अंग लागणारे खेळ किमान दोन महिने बंद. ताप येणे, नाक एकाएकी लाल होऊन सुजणे, पू येणे किंवा त्वचा काळसर पडणे ही वाट पाहत बसण्यासारखी लक्षणे नाहीत. त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.

लांब केलेले नाक पहिल्या काही आठवड्यांत हवे त्यापेक्षा किंचित लांब दिसते. काही सर्जन पुढे होणाऱ्या आकुंचनाचा अंदाज घेऊन मुद्दामच थोडे अधिक खाली नेतात, त्यामुळे टाके निघाल्यावर आरसा पाहून घाबरू नये. बहुतेक सूज सहा आठवड्यांत उतरते, शेंड्याची मात्र १२ ते १८ महिने राहू शकते, आणि आपल्याकडे सामान्यतः आढळणाऱ्या जाड त्वचेत ती अधिक रेंगाळते. ठरावीक अंतराने, पहिल्याच पद्धतीने काढलेली छायाचित्रे जपून ठेवावीत. दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया हवी का याचा विचार वर्ष उलटल्यावरच करावा. नाक टोचलेले असेल तर चमकी शस्त्रक्रियेपूर्वी काढावी आणि सर्जनने परवानगी दिल्यावरच पुन्हा घालावी. वजनदार नथ शेंड्याची सूज उतरेपर्यंत बाजूला ठेवावी. एखादे मंगलकार्य आलेच तर टोचण्याची गरज नसलेली, चापाची हलकी नथ पुरते, आणि तीही सर्जनला विचारूनच, कार्यापुरती घालावी.